एन्रॉनचा कायदा आणि सोसायटीचं दप्तर

एन्रॉन म्हटलं की आपल्याला दाभोळचा वीजप्रकल्प आठवतो. पण याच कंपनीच्या पापातून जन्मलेला कायदा अमेरिकेतल्या एखाद्या वसाहतीच्या बिनपगारी सेक्रेटरीलाही गाठू शकतो, हे कळल्यावर मी चकितच झालो.

खोटे हिशेब उघडे पडले आणि डिसेंबर २००१मध्ये एन्रॉनचं दिवाळं वाजलं. तिचे हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसनने ढीगभर कागदपत्रांचा आधीच चुरा केला होता. लोकांच्या संतापातून ३० जुलै २००२ रोजी सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा झाला. शेअर बाजारातल्या कंपन्यांच्या ताळेबंदाची हमी आता खुद्द सीईओ आणि सीएफओंना द्यावी लागते.

अमेरिकेत एडिसन किंवा फ्रीमाँटमध्ये घर घेणाऱ्या मराठी माणसाची अनेकदा गाठ पडते ती ‘एचओए’शी, म्हणजे घरमालकांच्या संघटनेशी. वर्गणी गोळा करायची, हिरवळ, रस्ते, पोहण्याचा तलाव सांभाळायचा. ती बहुधा ना-नफा तत्त्वावर नोंदलेली असते, शेअर विकत नाही. त्यामुळे या कायद्याचा जवळजवळ सगळा पसारा तिला लागूच होत नाही. तिथे राज्याचे नियम चालतात. कॅलिफोर्नियात वार्षिक उत्पन्न ७५,००० डॉलरच्या वर गेलं की परवानाधारक अकाउंटंटची नजर हिशेबावरून फिरावी लागते.

गंमत आहे ती त्या ‘जवळजवळ’मध्ये. दोन कलमं कोणालाही लागतात. केंद्रीय गुन्ह्याची खरी माहिती तपास अधिकाऱ्यांना देणाऱ्यावर सूड उगवला, तर १० वर्षांपर्यंत कैद. केंद्रीय तपासात खोडा घालायला दप्तर नष्ट केलं किंवा बदललं, तर २० वर्षांपर्यंत! आणि एचओएलाही केंद्राकडे आयकराचं विवरणपत्र भरावं लागतंच. उद्या त्याची चौकशी निघाली आणि कोणी जुन्या पावत्या जाळल्या, तर?

या दुसऱ्या कलमात तर एक मच्छीमारही अडकला होता. २००७मध्ये मेक्सिकोच्या आखातात त्याच्या बोटीवर २० इंचांपेक्षा लहान, म्हणजे पकडायला बंदी असलेले ग्रूपर मासे सापडले. अधिकाऱ्याची पाठ वळताच ते पुन्हा समुद्रात गेले. पुरावा नष्ट केला, म्हणून एन्रॉननंतरचं कलम! प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात. २०१५मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो या कलमातून सुटला: कलमाचा रोख माहिती साठवणाऱ्या वस्तूंवर आहे, माशांवर नाही. विरोधी मत देताना न्यायमूर्ती एलेना केगन यांनी चक्क डॉक्टर स्यूसच्या बालपुस्तकाचा दाखला दिला. वाद होता तो माशांचा. कागदांबद्दल नऊंपैकी एकाही न्यायमूर्तीला शंका नव्हती.