सर्पगंधेची लागवड
सर्पगंधा हे कण्हेरीच्या कुळातील, गुडघाभर उंचीचे आणि तांबूस देठांवर पांढऱ्या फुलांचे गुच्छ धरणारे झुडूप मुळांसाठी अतोनात खणले गेल्याने रानातून दुर्मिळ झाले आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ५० रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडून या मुळीचा रक्तदाबावरील गुण जगापुढे आणला, आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे नत्रयुक्त क्रियाशील द्रव्य, वेगळे करण्यात आले. डॉ. वकील यांची ही मोठी कामगिरी आज फारशी स्मरणात नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

बेंगळुरूजवळच्या होसकोटे परिसरातील तांबडी, निचऱ्याची जमीन या झुडपाला मानवणारी असली, तरी तेथील कोरड्या दिवसांत त्याला फळझाडांची विरळ सावली आणि नियमित पाणी द्यावे लागते. बी फार कमी उगवत असल्याने खोडाचे किंवा मुळाचे छाटही लावतात. साधारण १८ महिन्यांनी मुळे काढताना साल जपावी लागते, कारण औषधी द्रव्याचा मोठा वाटा सालीतच असतो.

मुळीच्या अतिमात्रेने रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरतो व नैराश्य बळावते, म्हणून वैद्यकीय देखरेखीशिवाय ही मुळी कोणीही घेऊ नये, आणि रोप रानातून न उपटता रोपवाटिकेतूनच आणावे.