भरल्या ट्रॉलीसारखं वळणारं यान

"मामा, हे यान भरल्या ट्रॉलीसारखं वळतंय," असं म्हणून भाच्यानं कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि शील्डवालं यान स्वतःकडे घेतलं. गेवराईतल्या घरात संध्याकाळी आम्ही माझाच खेळ तपासत होतो. अवकाशात दोन यानांची झुंज, एकाला शील्ड, दुसऱ्याला चिलखत. मी दहा डाव खेळलो आणि दहाही हरलो.

वहीत मात्र दोघांची बरोबरी चोख बसली होती. दोन्ही सांगाड्यांची ताकद २००. बंदूक सेकंदाला ५ गोळ्या झाडते, गोळीचा मार ८, म्हणजे सेकंदाला ४०. शील्डचे जादा १२० धरले तर ते यान ८ सेकंद टिकतं. चिलखत प्रत्येक गोळीतले ३ खातं, मार २५ वर येतो, आणि तेही यान ८ सेकंदच टिकतं.

फरक पडला वजनानं. चिलखतामुळे यान १० टनांचं १५ टन झालं होतं, इंजिन मात्र तेच. अवकाशात घर्षण नाही. नाक फिरवलं तरी यान जुन्या दिशेनं घसरतच राहतं, आणि तो जुना वेग मोडायला जड यानाला दीडपट वेळ लागतो. १९६२ साली एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ संगणकावर केलेल्या 'स्पेसवॉर'मध्येही यानं अशीच घसरत. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याकडे निघालेला ड्रायव्हर वळणाच्या कितीतरी आधी वेग का कमी करतो, हे आमच्याकडच्या पोरांना सांगावं लागत नाही.

मग मी खेळणं सोडून भाच्याचा हात पाहत बसलो. तो आठ सेकंद मार खायला थांबतच नव्हता. तीन सेकंद भिडायचा, शील्ड संपलं की निसटायचा. चार सेकंद गोळी लागली नाही की शील्ड सेकंदाला १५ नं भरू लागतं, आणखी ८ सेकंदांत पूर्ण. बारा सेकंदांनी तो नव्यासारखा परत. तेवढ्या भिडण्यात माझ्या सांगाड्याचे ७५ गेलेले असायचे, आणि ते भरून येत नाहीत. तिसऱ्या फेरीत मी संपायचो.

आधी मी चिलखत वाढवलं, गोळीतले ५ खाईल असं. तशी लहान बंदूक निकामीच झाली. पण सेकंदाला ४० चा एकच गोळा टाकणारी तोफ लावली की त्या ५ चं काहीच वाटेना. आकडे नुसते चढवत जाणं मला पटत नाही. एका ठिकाणी बुजवावं तर दुसरीकडे फाटतं. मुरलेल्या खेळांत संरक्षणाची किंमत दुसऱ्याच खात्यातून वसूल होते. २००३ पासून चालू असलेल्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये चिलखताच्या पट्ट्या यान जड करतात, तर शील्ड वाढवणारी यंत्रं ते शत्रूच्या नेमाला मोठं करून देतात. २०१२ च्या 'एफटीएल'मध्ये शील्डचा एकेक थर विजेचे दोन भाग मागतो आणि क्षेपणास्त्र त्या थरातून सरळ आत शिरतं.

उत्तर सापडलं ते आमच्याच तालुक्यात. शनिवारी शनीच्या दर्शनाला राक्षसभुवनला गेलो होतो. दर्शन झाल्यावर गोदाकाठी बसलो. १० ऑगस्ट १७६३ ला इथेच माधवराव पेशवे आणि राघोबादादांनी निजामाच्या फौजेला गाठलं. निजाम अली काही सैन्यासह पलीकडे उतरला होता. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी अलीकडे, पाठीशी पुराची गोदावरी. निजाम पलीकडच्या तीरावर राहिला आणि विठ्ठल सुंदर मारला गेला. पाण्याकडे बघताना माझ्या खेळातली मोकळी जागा डोळ्यासमोर आली. भाच्याच्या यानाला चारी दिशांना पळायला वाट होती. त्याला कुठल्याच नदीकाठी थांबावं लागत नव्हतं.

घरी आल्यावर मी चिलखताचा आकडा पुन्हा ३ केला आणि दोन्ही बाजूंना एकेक संथ मालवाहू यान दिलं. ताकद ८००, ते फुटलं की डाव गेला. आता शील्ड भरायला बारा सेकंद लांब राहायचं, तर तेवढ्यात माझी बंदूक त्याच्या मालवाहूचे ४८० काढते. दुसऱ्यांदा तेवढाच वेळ तो गेला, तर परत यायला मालवाहूच उरत नाही.

पहिला डाव तो तसाच हरला. दुसऱ्या डावात शील्ड ६० वर असतानाच त्यानं नाक फिरवलं, ओठ चावत, आणि मालवाहूच्या आडून घसरत येऊन मला पाठीमागून गाठलं. मला वळायला वेळच मिळाला नाही. आम्ही जेवणाची हाक येईपर्यंत खेळलो. सहा डाव त्याचे, चार माझे.

"मामा," तो उठता उठता म्हणाला, "उद्या जड यान मला द्या."