जुन्या चाकाला नवी गती : कुंभाराच्या वापरलेल्या चाकाची पारख, दुरुस्ती व निगा

महाराष्ट्रात कुंभाराचे चाक तीन हजार वर्षांहून अधिक काळ फिरत आले आहे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावाच्या नावाने ओळखली जाणारी, तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली भांडी चाकावर घडविलेली आहेत. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननातही अशी भांडी विपुल प्रमाणात मिळाली. बलुतेदारीची जुनी व्यवस्था मोडली, धातूची व प्लॅस्टिकची भांडी घरोघर आली. तरी संक्रांतीची सुगडी, अक्षय्य तृतीयेची घागर, उन्हाळ्यातील माठ, नवरात्रातील घट आणि दिवाळीच्या पणत्या यांसाठी आजही कुंभारवाड्याकडेच पाहावे लागते.

या व्यवसायाचे गणित सणांच्या तिथींवर बांधलेले आहे. संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस चाक बंद पडले, तर तो माल नंतर घडवून उपयोग नसतो. त्या सणाची कमाई वर्षभरासाठी बुडते. म्हणून चाकाची दुरुस्ती हा केवळ यंत्राचा प्रश्न नसून कुटुंबाच्या उत्पन्नाचा प्रश्न आहे.

खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभार सशक्तीकरण कार्यक्रमाद्वारे विजेवर चालणारी चाके कारागिरांपर्यंत पोहोचविली. केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुंभारकामाचा समावेश असून तीत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. तथापि, ज्यांना नवे चाक घेणे शक्य होत नाही, असे अनेक कारागीर, तसेच कार्यानुभवासाठी चाक हवे असलेल्या शाळा वापरलेले चाक विकत घेतात. असे चाक नीट पारखून घेतले व त्याची निगा राखली, तर ते दीर्घकाळ उत्तम काम देते. उलट, झिजलेला पट्टा किंवा खराब झालेले बेअरिंग एवढ्याशा कारणाने चांगले चाक कोपऱ्यात पडून राहते. म्हणून चाकाची रचना आणि त्यातील नेहमीचे बिघाड समजून घेणे अगत्याचे आहे.

चाकाचे तीन प्रकार

पहिला प्रकार दांड्याने फिरविण्याच्या पारंपरिक चाकाचा. जड चाक जमिनीत रोवलेल्या खुंटीच्या टोकावर तोललेले असते आणि दांड्याने दिलेली गती ते स्वतःच्या वजनामुळे काही काळ टिकवून धरते. वजन जितके परिघाकडे, तितकी गती अधिक टिकते. मध्यापासूनचे अंतर दुप्पट केल्यास त्याच वजनाचा गती टिकविण्याचा गुण चौपट होतो. जुन्या चाकांची कड जाड व मधला भाग हलका ठेवण्यामागे हेच शास्त्र आहे.

दुसरा प्रकार पायाने फिरविण्याच्या चाकाचा. यात उभ्या आसाच्या खालच्या टोकाला जड चकती आणि वरच्या टोकाला माती ठेवण्याची तबकडी असते. तिसरा प्रकार विजेच्या चाकाचा. यात मोटारीची गती पट्ट्याने अथवा रबरी चाकीच्या घर्षणाने आसाला दिली जाते. तिन्ही प्रकारांत तत्त्व एकच : आस सरळ हवा, तो मोकळेपणाने फिरावा आणि तबकडी डगमगू नये.

खरेदीपूर्वीची पारख

रंग किंवा बाहेरील चकाकी पाहून चाक घेऊ नये. प्रथम वीज बंद ठेवून पट्टा उतरवावा व तबकडी हाताने फिरवावी. ती निःशब्दपणे फिरून हळूहळू थांबली पाहिजे. खरखर आवाज आला किंवा फिरताना मध्येच अडखळली, तर बेअरिंगमध्ये माती गेली आहे असे समजावे. नंतर तबकडीची कड दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवून पाहावी. खडखड जाणवल्यास बेअरिंग झिजले आहे किंवा त्याचे घर सैल झाले आहे.

डगमग पाहण्याची रीत सोपी आहे. एक पेन्सिल विटेवर टेकवून तिचे टोक तबकडीच्या कडेजवळ स्थिर धरावे व तबकडी सावकाश फिरवावी. टोक व कड यांमधील फट कमीजास्त झाली, तर तबकडी मध्यावर बसलेली नाही. टोक तबकडीच्या वर धरल्यावर फट बदलली, तर तबकडी तिरपी बसली आहे किंवा आस वाकला आहे. पुष्कळदा तबकडी व आस यांच्या सांध्यात वाळलेली माती अडकल्यानेही असे होते. तेव्हा सांधा साफ करून पुन्हा तपासावे. आसच वाकलेला असेल, तर तो टर्नरकडून नवा करून घ्यावा लागतो. किंमत ठरविताना हा खर्च धरावा.

विजेचे चाक निदान अर्धा तास चालवून पाहावे. सोबत दोन-तीन किलो मळलेली माती न्यावी. ती मध्यावर आणताना हाताचा दाब पडताच चाक मंदावले, तर पट्टा घसरत आहे किंवा मोटार कमजोर आहे. शासकीय योजनेतून मिळालेले चाक कोणी विकत असल्यास त्या योजनेच्या अटींची चौकशी संबंधित कार्यालयात आधी करावी.

बेअरिंगची दुरुस्ती

चाकाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मातीमिश्रित पाणी. मातीतील वाळूचे सूक्ष्म कण ग्रीसमध्ये मिसळले की तेच ग्रीस पोलाद घासू लागते. अशा वेळी वरून तेल सोडल्याने आवाज काही दिवस दबतो; झीज मात्र चालूच राहते. खरखरणारे बेअरिंग बदलणे हाच योग्य उपाय होय.

बेअरिंगवर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. ६२०४ या क्रमांकाच्या बेअरिंगचा आतील व्यास २० मिलिमीटर, बाहेरील व्यास ४७ मिलिमीटर व जाडी १४ मिलिमीटर असते. ६२०५ क्रमांकाची हीच मापे २५, ५२ व १५ मिलिमीटर आहेत. हा क्रमांक पाण्याच्या पंपांत व शेती अवजारांतही आढळणारा असल्याने तालुक्याच्या गावी बेअरिंग सहज मिळते. दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेले बेअरिंग मागावे. पत्र्याच्या झाकणापेक्षा ते चिखलपाणी अधिक चांगले अडविते. त्यात ग्रीस कारखान्यातच भरलेले असते. वरून भरण्याची आवश्यकता नसते.

जुने बेअरिंग पुलरने काढावे. नवे बेअरिंग आसावर बसविताना आतल्या कड्यावर टेकेल अशा नळीच्या तुकड्याने हळूहळू ठोकावे. घरात बसविताना मात्र दाब बाहेरच्या कड्यावर द्यावा. चुकीच्या कड्यावर ठोकल्यास आघात आतील गोळ्यांवर येतो व नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी निकामी होते.

पारंपरिक चाकाची खुंटी झिजली असेल, तर ती नव्याने घडवून घ्यावी व टोकाला वेळोवेळी एरंडेलाचे बोट लावावे. चाकाच्या एका बाजूस वजन अधिक असल्यास ते फिरताना खुंटीवर झटके देते. पायाच्या चाकाची चकती आसासह काढून, आस दोन समांतर लोखंडी पट्ट्यांवर आडवा ठेवल्यास जड बाजू आपोआप खाली येते. तिच्या समोरच्या बाजूस आवश्यक तेवढे वजन पक्के बसवून तोल साधता येतो.

पट्टा व मोटार

पट्ट्यावर भेगा पडल्या असतील किंवा त्याच्या बाजू काचेसारख्या चकाकत असतील, तर तो बदलावा. व्ही आकाराचा पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी पकड घेतो. तो खाचेच्या तळाला टेकू लागला, तर पट्टा किंवा पुली झिजली आहे. पट्ट्यावर छापलेल्या ‘ए ४२’ सारख्या खुणेत अक्षर पट्ट्याच्या छेदाचे माप दर्शविते व अंक आतील लांबी इंचांत सांगतो. तेवढी खूण उतरवून नेली की योग्य पट्टा मिळतो. दोन पुलींच्या आसांमध्ये अर्धा मीटर अंतर असल्यास, मध्यभागी बोटाने दाबल्यावर पट्टा सुमारे ८ मिलिमीटर दबावा. अति ताण दिल्यास बेअरिंग लवकर झिजते. दोन्ही पुली एका रेषेत आहेत की नाही, हे त्यांच्या तोंडावर दोरी ताणून पाहावे. रबरी चाकीच्या यंत्रात चाकीवर तेल-ग्रीस लागू देऊ नये आणि काम संपल्यावर तिचा दाब सोडावा. अन्यथा रबरावर सपाट खळगा पडतो.

मोटार नुसतीच गुणगुणते, पण हाताने ढकलताच फिरू लागते, हे बहुधा कपॅसिटर निकामी झाल्याचे लक्षण होय. काही चाकांत कार्बन ब्रश असलेली मोटार असते. तिच्यात ठिणग्या वाढल्यास ब्रश झिजलेले असतात. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

कुंभाराचे हात सदैव ओले असतात. तेव्हा तीन पिनांचा प्लग, पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच यांवाचून विजेचे चाक वापरू नये. जुन्या चाकाची तडकलेली वायर चिकटपट्टी लावून चालवू नये, ती बदलावीच.

नित्याची निगा

रोज काम संपल्यावर तबकडी व सांगाडा ओल्या फडक्याने पुसावा. पाण्याचा मारा करू नये. वाळलेली माती झाडूने झटकू नये, कारण तिची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊन दीर्घकाळात गंभीर आजार उद्भवतो. आठवड्यातून एकदा नट-बोल्ट आवळावेत व पट्टा पाहावा. महिन्यातून एकदा पाणसळ लावून चाक समतल आहे याची खात्री करावी. पाय गंजले असल्यास खरवडून रंग द्यावा. पट्टा, बेअरिंगची जोडी व फ्यूज हे सुटे भाग घरी बाळगावेत. चाकाच्या दुरुस्तीची तारीख, बदललेला भाग व त्याचा क्रमांक यांची नोंद एका वहीत ठेवावी.

वर्षातून एकदा सबंध चाक खोलून तपासण्यास पावसाळा हा सर्वांत सोयीचा काळ होय. त्या दिवसांत भांडी वाळविणे व भाजणे कठीण असते, काम मंदावलेले असते आणि पुढे नवरात्र, दिवाळी, संक्रांत असा हंगाम रांगेने येणार असतो. आषाढ-श्रावणात झालेली तपासणी ऐन सणातील खोळंबा टाळते.

गावाने काय करावे

यात ग्रामपंचायत व शाळा यांना मोठा वाटा उचलता येईल. गावात किती चाके आहेत, किती बंद आहेत आणि कोणत्या कारणाने, याची साधी यादी ग्रामपंचायतीने पावसाळ्याच्या आरंभी करावी. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर व इलेक्ट्रिशियन यांचे अभ्यासक्रम चालतात. प्राचार्यांशी बोलून एक-दोन दिवसांचे दुरुस्ती शिबिर भरविल्यास विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम मिळेल व कारागिरांची चाके सुरू होतील. शिक्षकांनी शाळेतील चाकाच्या नोंदवहीचे काम विद्यार्थ्यांकडे सोपवावे. योजनेतून चाके देणाऱ्या अधिकाऱ्यांनी चाकाबरोबरच बेअरिंग व पट्ट्याचे क्रमांक लिहिलेला मराठी तक्ता द्यावा आणि वर्षानंतर ते चाक फिरते आहे का, हे जाऊन पाहावे.

किती चाके वाटली, हा आकडा अहवालात येतो. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात त्यांपैकी किती फिरत होती, हा आकडाही त्याच्या शेजारी लिहिला गेला पाहिजे.