गरम प्लग, थंड प्लग

“गाडी पिकअप घेत नाही, इरिडियमचे प्लग टाकू का?” गॅरेजमध्ये हा प्रश्न वरचेवर कानावर येतो. जुने प्लग झिजले असतील तर नवीन टाकल्यावर फरक पडतो, पण तो फरक नवेपणाचा असतो. साध्या निकेलच्या प्लगने इंजिन नीट चालत असेल, तर इरिडियमने ताकद वाढत नाही. वाढतं ते आयुष्य. निकेल 1455 अंश सेल्सिअसला वितळतं, इरिडियम 2400 अंशांच्याही पुढे. म्हणून इरिडियमचं टोक बारीक ठेवता येतं आणि तरी ते लवकर झिजत नाही. तीन-चार दांड्यांच्या प्लगचंही असंच. एका वेळी ठिणगी एकाच दांडीवर पडते.

सगळ्यात मोठा घोळ आहे तो ‘गरम’ आणि ‘थंड’ या शब्दांचा. गरम प्लगची ठिणगी जास्त गरम असते, असं भलेभले धरून चालतात. ठिणगीचा इथे संबंधच नाही. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीचं नाक लांब असेल, तर उष्णतेला हेडपर्यंत जायची वाट लांब पडते आणि टोक तापलेलं राहतं. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लगेच बाहेर जाते. तो थंड. टोक साधारण 450 ते 500 अंशांवर राहिलं की काजळी आपोआप जळून जाते. ते 800-850 च्या पुढे गेलं तर निखाऱ्यासारखं होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवतं. पिस्टनला भोक पडायची वेळ अशीच येते. म्हणून कंपनीने सांगितलेली पायरी सोडून ‘जरा गरम टाकू’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

यात आकडे आणखी गोंधळ घालतात. एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा वाढला की प्लग थंड. बॉशमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. एनजीकेच्या बीपीआर6ईएसच्या तोडीचा बॉशचा प्लग डब्ल्यूआर7डीसी आणि डेन्सोचा डब्ल्यू20ईपीआर-यू. गरम-थंडाच्या एकाच पायरीला 6, 7 आणि 20! दुकानात नुसता आकडा सांगून प्लग मागू नये, पूर्ण नंबर सांगावा. त्यातलं प्रत्येक अक्षर कामाचं असतं. बीपीआर6ईएसमधला ‘बी’ म्हणजे 14 मिलिमीटरचे आटे, ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर आणि ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी 19 मिलिमीटर. ही लांबी चुकली तर लांब प्लग पिस्टनवर आपटू शकतो.

नवा प्लग गॅप लावूनच येतो, तो बघायची गरज नाही, असंही म्हणतात. डबा हातातून पडला की दांडी वाकते, तेव्हा फीलर गेज घालून बघावंच. बहुतेक गाड्यांचा गॅप 0.7 ते 1.1 मिलिमीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. गॅप वाढवला की ठिणगी मोठी होते हे खरं, पण कॉइलवर ताण येतो आणि जोर दिल्यावर गाडी मिसिंग करते. इरिडियमच्या बारीक टोकावर गेज रेटू नये, ते तुटतं.

आता बसवणं. इंजिन गार असू द्या. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग ओढून काढला तर आटे सोबत येतात. प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा खोचून तो खाली सोडावा आणि नळी बोटांनी फिरवावी. आटे तिरके लागले तर नळी नुसती घसरते, पाना मात्र तसाच रेटत नेतो. प्लग हाताने पूर्ण बसला की मगच पाना लावायचा: नव्या वॉशरवाल्या 14 मिलिमीटरच्या प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, टॉर्क पाना असेल तर 25 ते 30 न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस लावायची सवय अनेकांना आहे. ग्रीसमुळे पाना हलका फिरतो, त्याच टॉर्कवर प्लग जास्त आवळला जातो आणि आटे ताणले जातात. मुलामा दिलेले नवे आटे कोरडेच चढवावेत.