आमेरच्या बुरुजावरची वीज

मघाशी दिवे गेले तेव्हा तुम्ही सगळे ओरडलात, "वीज गेली!" तेवढ्यात आभाळात लख्ख वीज चमकली, आणि धाकट्याने विचारलं, "आबा, या दोघी एकच का?"

एकच रे बाळा. दोन्हींत विद्युतभारच वाहतो. तारेतली माणसाळलेली, आभाळातली रानटी, एवढाच फरक.

उंच काळ्या ढगात बर्फाचे बारीक कण नि मऊसर गारा एकमेकांवर आपटतात. हलके कण धनभार घेऊन वर जातात, जड गारा ऋणभार घेऊन खाली राहतात. भार साचून साचून हवेला आवरेनासा झाला, की एक ठिणगी टप्प्याटप्प्याने जमिनीकडे झेपावते. आपण म्हणतो वीज पडली. पण ती टेकण्याआधी जमिनीवरूनही ठिणग्या वर उठतात. झाडाचा शेंडा, मनोऱ्याचं टोक, उघड्यावर उभा माणूस, जे उंच त्यातून आधी. दोन्ही ठिणग्या भिडल्या की हजारो अँपिअरचा लोट वाहतो. वाटेतली हवा ३०,००० अंशांच्या घरात तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ पाचपट! ती हवा एका झटक्यात फुगते, तोच गडगडाट.

११ जुलै २०२१, रविवारची संध्याकाळ. आपल्या जयपूरजवळच्या आमेरच्या किल्ल्यासमोर डोंगरावरच्या बुरुजावर माणसं पाऊस बघायला, फोटो काढायला चढली होती. वीज पडली आणि अकरा जीव गेले. त्यांच्या गावी आभाळ कदाचित निरभ्र असेल, पण निरोप पोचला तेव्हा त्या घरांवरही वीज कोसळलीच.

आमेर आपल्या वैशाली नगरपासून सरळ रेषेत चौदाएक किलोमीटर. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, म्हणजे तिथला गडगडाट इथे यायला चाळीसेक सेकंद. याहून फार लांबचा गडगडाट सहसा ऐकूच येत नाही. आणि वीज तर ढगापासून दहा-पंधरा किलोमीटरवरही पडू शकते. म्हणजे गडगडाट कानी आला, की आपण तिच्या टप्प्यात आलोच.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेची सूचना देतं. दामिनी म्हणजे वीजच. ते मोबाइलमध्ये ठेवा, पण कानांवरही भरवसा ठेवा. पहिला गडगडाट झाला की गच्ची सोडायची, झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात यायचं. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पाऊल टाकायचं नाही. पाऊस खिडकीतूनही तितकाच छान दिसतो.