सुगंधी तेलं: घरचीच, पण जपून

सांधेदुखीला गंधपुरा, दाढेला लवंगतेल, सर्दीला निलगिरी. ही तेलं पिढ्यान्‌पिढ्या घरात आहेत. आता त्यांच्या जोडीला लॅव्हेंडर, टी ट्री अशी इसेन्शियल ऑइल्सही आली. आयुर्वेदाच्या दुकानात मिळतात म्हणून अनेक जण ती बिनधास्त वापरतात. तिथेच घात होतो.

गैरसमज: नारायण तेल काय, निलगिरी काय, दोन्ही सारखीच चोळायची.
वस्तुस्थिती: नारायण तेलाचा पाया तिळाचं तेल. सिद्ध तेलासाठी साधारणपणे एक भाग कल्क (वाटलेल्या वनस्पतींचा लगदा), चार भाग तेल आणि सोळा भाग काढा किंवा दूध घेऊन पाण्याचा अंश आटेपर्यंत शिजवतात. ते अंगभर चोळता येतं. निलगिरीचं तेल पानं वाफेवर ऊर्ध्वपातित करून काढतात. तो वनस्पतीचा तीव्र अर्क असतो. नुसता लावला तर आग होते, पुरळ उठतं. मोठ्या माणसासाठी १० मिलि तीळतेलात चार थेंब, म्हणजे सुमारे २ टक्के, पुरेत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास थांबावं.

गैरसमज: वनस्पतीचंच आहे, चमचाभर पोटात गेलं तर काय बिघडतं?
वस्तुस्थिती: गंधपुरा तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट. त्याच्या ५ मिलिमध्ये सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकी मात्रा असते, म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्या. लहान मुलाच्या ते जिवावर बेतू शकतं. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी तर हे तेल चोळण्याआधीही डॉक्टरांना विचारावं.

गैरसमज: तान्ह्या बाळाची सर्दी कापूर, निलगिरी किंवा पुदिन्याच्या फुलाने मोकळी होते.
वस्तुस्थिती: कापूर किंवा निलगिरी तेल पोटात गेलं, तर मुलांना काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल. ते नाकाशी नेल्यास बाळाचा श्वास अडखळू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलांना यातलं काहीच लावू नये, हुंगवू नये.

गैरसमज: नस्याला, म्हणजे नाकात सोडायला, अणुतेल चालतं, मग निलगिरीचा थेंब का नाही?
वस्तुस्थिती: अणुतेलही तिळाच्या तेलात सिद्ध केलेलं असतं. निव्वळ अर्काने नाकाचं आतलं नाजूक अस्तर पोळतं. नस्य वैद्यांच्या सल्ल्यानेच करावं. दमेकऱ्यांनी निलगिरीचा वाफाराही विचारल्याशिवाय घेऊ नये.

गैरसमज: चुकून प्यायल्यास आधी उलटी करवावी.
वस्तुस्थिती: उलटीबरोबर तेल फुप्फुसात शिरण्याचा धोका असतो. उलटी न करवता, बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावं.

गरोदर स्त्रियांनी आणि फिट येणाऱ्यांनी वैद्य किंवा डॉक्टरांना विचारूनच ही तेलं वापरावीत. आणि देवघरातला कापूर असो की औषधाच्या कपाटातली निलगिरी, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी आजच हलवा.