शेवळाचे बी : एका रानभाजीच्या बीजप्रसाराविषयी

मृग नक्षत्राच्या आगेमागे पहिल्या सरी कोसळल्या की वसई तालुक्यातील पापडीच्या बाजारात जांभळट-तपकिरी, निमुळत्या कोंबांच्या जुड्या दिसू लागतात. तुंगारेश्वराच्या उतारांवरून व पारोळच्या बाजूच्या रानांतून आदिवासी स्त्रिया त्या खुडून आणतात, आणि शेजारीच काकडाच्या आंबट फळांचे वाटे मांडलेले असतात. ही शेवळे होत. हा बाजार जेमतेम काही आठवडे चालतो. पाऊस स्थिरावला की शेवळे संपतात, आणि ज्या घरांत त्यांची चटक आहे तेथे पुढील वर्षाची वाट पाहणे सुरू होते.

घेणारा बहुधा शेवळास कोवळा कोंब किंवा पानाची गुंडाळी समजतो. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ती समजूत चुकीची आहे. शेवळ म्हणजे सुरणाच्या कुलातील व सुरणाच्याच प्रजातीतील *अमॉर्फोफॅलस कम्यूटॅटस* या जातीचा संपूर्ण पुष्पबंध होय. वर्षभर जमिनीखाली राहणाऱ्या घनकंदातून पावसाच्या आरंभी प्रथम हा पुष्पबंध वर येतो, व तो ओसरल्यानंतर पान उगवते. या कोवळ्या पानासही कोकणात भाजीचा मान असून त्यास 'लोत' म्हणतात. म्हणजे एकाच कंदापासून माणूस प्रथम फूल घेतो व नंतर पानही घेतो. पान खुडल्याने कंदाचे त्या वर्षाचे पोषण खुंटते. फूल खुडल्याने बी धरतच नाही. पहिली हानी पुढील पावसाळ्यांत थोडीफार भरून येऊ शकते, दुसरी मात्र पिढीची हानी आहे. घनकंद जिवंत असेतो ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. रानात शेवळे दरवर्षी उगवत असतात, परंतु उगवणारे कंद तेच, जुने. त्यांच्या जागी येणारी रोपे नाहीत, अशी अवस्था बराच काळ टिकू शकते आणि पाहणाऱ्यास सर्व काही यथास्थित वाटते.

यास्तव शेवळाची लागवड बियांपासून करता येईल काय, या प्रश्नास केवळ हौशी बागकामाचे मोल नाही. तुंगारेश्वरचा प्रदेश २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा वननिवासींचा हक्क मान्य केला. या दोन्ही गोष्टी एकाच डोंगरावर नांदावयाच्या असतील तर शेवळ खुडणाऱ्या स्त्रियांस नुसते 'खुडू नका' असे सांगून भागणार नाही. घरातील धान्य सरत आलेले असते नेमक्या त्याच दिवसांत हा पैसा हाती येतो.

बी हवे तर प्रथम पुष्पबंधाची रचना समजून घेतली पाहिजे. बाहेरील जांभळट आवरण हा महाछद. त्याने वेढलेला दांडा म्हणजे स्थूलकणिश. स्थूलकणिशाच्या तळाशी स्त्री-पुष्पे, त्यांच्या वर पुं-पुष्पांचा पट्टा, आणि शेंड्याशी फुले नसलेले लांबट उपांग असते. या प्रजातीत स्त्री-पुष्पे आधी पक्व होतात. त्यांची ग्रहणक्षमता सरते तेव्हा कोठे वरच्या पुं-पुष्पांतून पराग सुटू लागतात. उपांगातून दुर्गंधी पसरते, तिला भुलून भुंगेरे व माश्या आत शिरतात आणि एका शेवळाचे पराग दुसऱ्याकडे नेतात. एकट्या पुष्पबंधात स्वपरागणास त्यामुळे फारसा वाव राहत नाही. ज्यास बी धरावयाचे आहे त्याच्याजवळ एकाहून अधिक शेवळे हवीत, आणि तीही एक-दोन दिवसांच्या अंतराने उमलणारी. सर्व एकाच दिवशी उमलली तर ती असून नसल्यासारखीच. बागेत मोजकेच कंद असतील तर एका पुष्पबंधातील ताजे पराग मऊ कुंचल्याने टिपून, नुकत्याच उमललेल्या दुसऱ्या पुष्पबंधाच्या तळाशी असलेल्या स्त्री-पुष्पांवर हलकेच फिरवावेत. वेळ साधणे हेच यातील खरे कौशल्य होय.

येथे स्वयंपाकघरातील एका रीतीचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. शेवळे निवडताना पिवळा, कणीदार भाग काढून टाकण्याचा प्रघात आहे, कारण तो घशास खाजतो. हा टाकलेला भाग म्हणजेच फुले. पानात पडते ते महाछद, देठ व उपांग. ज्यावर वनस्पतीची पुढील पिढी अवलंबून तेवढेच नेमके उकिरड्यावर जाते, आणि तेही खुडल्यानंतर, म्हणजे त्याचा कोणासच उपयोग नसताना. खाजेचे कारण वनस्पतीच्या पेशींत असलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. सुरणकुलातील काही वनस्पतींच्या अभ्यासातून असे दिसते की हे स्फटिक एकटे दोषी नसतात; त्यांच्या टोचण्यासोबत प्रथिनांचे विघटन करणारी द्रव्ये त्वचेत शिरतात व दाह वाढवितात. शेवळे काकडाच्या किंवा चिंचेच्या आंबटात चांगली शिजवितात त्याचे मर्म काही अंशी यातच असावे, कारण अशी द्रव्ये उष्णतेने निकामी होतात. बी काढणाऱ्यानेही हे ध्यानी ठेवावे. फळाचा गर उघड्या हातांनी चोळल्यास हात चुणचुणल्यावाचून राहत नाहीत. रबरी हातमोजे घालावेत.

फलन झाल्यावर महाछद व उपांग झडून जातात, देठ उंच वाढतो आणि तळाच्या स्त्री-पुष्पांच्या जागी मक्याच्या कणसासारखा मृदुफळांचा घोस तयार होतो. प्रत्येक फळात एक अथवा थोडीच बीजे असतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात फळे पिकतात. ती बोटाने दाबता मऊ लागेपर्यंत घोस झाडावरच ठेवावा. मात्र पक्ष्यांपासून राखण्यासाठी त्यास विरळ कापडाची पिशवी बांधणे शहाणपणाचे.

सामान्य भाजीपाल्याचे बी हाताळण्याची सवय असलेल्या माळ्याची चूक होते ती यानंतर. वांग्या-मिरचीचे बी तो धुतो, उन्हात वाळवितो, पुडी बांधून ठेवतो. शेवळाच्या बियांस हा उपचार मानवणारा नाही. या प्रजातीतील बियांत पुष्क नसतो. अन्नाचा साठा खुद्द गर्भातच असतो, आणि तो मांसल गर्भ केवळ पातळ आवरणाने झाकलेला असतो. धान्याच्या दाण्याप्रमाणे कोरडे होऊन स्वस्थ पडून राहण्याची शक्ती अशा बियांत नसते. वाळविले की त्यांची उगवणक्षमता झपाट्याने नष्ट होते. तेव्हा गर धुऊन काढल्यावर बी सावलीत, केवळ वरचे पाणी निथळेपर्यंत ठेवावे व दोन-चार दिवसांत पेरून टाकावे. दूर पाठवावयाचे असल्यास ओलसर नारळाच्या भुश्शात गुंडाळून पाठवावे. बाजारातून पुडीने विकत मिळणारे शेवळाचे बी, कोणी देऊ केले तरी, घेण्यात अर्थ नाही.

पेरणीसाठी पानांचे कुजलेले खत, जाड रेती व रानातील माती यांचे भुसभुशीत मिश्रण पुरते. खोल कुंड्या किंवा तळाशी भोके पाडलेली पेटी घ्यावी, बी बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल टाकावे, वर पाचोळ्याचा पातळ थर द्यावा आणि पेटी झाडाच्या विरळ सावलीत ठेवावी. सर्व बी एकदम उगवेल अशी अपेक्षा धरू नये. या प्रजातीत उगवण अनियमित असते. काही बी लवकर रुजते, तर काही पुढील पावसाची वाट पाहते. न उगवलेली पेटी उकरून पाहण्याचा मोह नवशिक्यांना हमखास होतो आणि त्यातच पुष्कळ बी दगावते.

पहिल्या वर्षी येते ते एकच, लहान, मोजक्या दलांचे पान. त्या पानाने जमविलेल्या अन्नातून मातीखाली वाटाण्याएवढा घनकंद तयार झाला तरी पहिल्या वर्षाचे काम झाले. पान सुकले की रोप मेले असे समजून कुंडी रिकामी केली जाते. वस्तुतः ती कंदाची विश्रांती होय. पुढील पावसात जुन्या कंदातील अन्न खर्चून नवे पान येते आणि त्याच जागी नवा, अधिक मोठा कंद भरतो. जुना कंद आक्रसून नाहीसा होतो. अशा रीतीने दरवर्षी कंद नवा होत व वाढत जातो, पानाच्या दलांची संख्याही वाढते, आणि कंद विवक्षित आकारास पोहोचल्यावरच प्रथम फूल येते. त्याआधी कितीही खत घातले तरी उपयोग नाही. याच प्रजातीतील सर्वांत प्रसिद्ध वनस्पती, सुमात्रातील महाकाय *अमॉर्फोफॅलस टायटॅनम*, ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७८ साली पाहिली व तिचे बी युरोपात धाडले. त्या बियांपासून झालेले एक रोप लंडनजवळच्या क्यू उद्यानात वाढविण्यात आले आणि १८८९ साली फुलले. शेवळाचा कंद त्या मानाने चिमुकला, त्यामुळे इतका विलंब लागण्याचे कारण नाही. तथापि काही वर्षांचा धीर हवाच.

मग सुरणाप्रमाणे कंदाचे तुकडे का लावू नयेत? लावता येतील. परंतु ते कंद आणावयाचे कोठून? रानातून उकरून आणले तर ज्याचे रक्षण करावयाचे त्याचीच मुळे खणल्यासारखे होईल. शिवाय तुकड्यांपासून होणारी सर्व झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकच. बियांपासून होणारे प्रत्येक रोप निराळे.

पापडीच्या परिसरातील वाड्या या लागवडीस सोयीच्या वाटतात. नारळी-पोफळीची सावली आहे, माती हलकी आहे, राबणारे हात अनुभवी आहेत. परंतु अडचण त्या वाड्यांच्या समृद्धीतच आहे. केळी व पानवेलींना बारमाही पाणी लागते; शेवळाच्या कंदास कार्तिकापासून वैशाखापर्यंत कोरडी जमीन लागते. पाटाच्या ओलीत निद्रिस्त कंद कुजतो. त्यातून किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ झालेले असेल तर कोवळ्या रोपांस तेही बाधते. म्हणून जागा निवडावी ती वाडीच्या मध्यभागी नव्हे, तर कडेला, जेथे पाणी पोहोचत नाही अशा आंब्या-फणसाच्या बुंध्याशी किंवा कुंपणाच्या उंचवट्यावर. पान सुकण्यापूर्वी प्रत्येक कंदाशेजारी बांबूची खुंटी ठोकावी. उन्हाळ्यात तेथे जमिनीवर काहीच दिसत नाही, आणि कुदळीचा घाव नेमका तेव्हाच बसतो.